चिखलाच्या बाजूने

महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाला वर्षातून एक दिवस हातात फावडे घ्यावे लागते. हा दिवस बहुधा जुलैत येतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक, एक बॅनर, एक पाहुणा, दोनशे रोपे आणि एक मोकळी जागा एवढे साहित्य जमले की वृक्षारोपण होते. काही वर्षांपूर्वी आम्हाला बोईसरच्या पश्चिमेकडची अशीच एक मोकळी जागा सुचवण्यात आली. जागा कसली, खाजणच ते. एका बाजूला खाडीचा फाटा, दुसऱ्या बाजूला भराव घालून उंच केलेला रस्ता आणि मध्ये भेगाळलेला काळपट चिखल. ‘पाणथळ जागेचे पुनरुज्जीवन’ असे बॅनरवर छापले होते. ती ओळ मीच लिहून दिली होती. गुलमोहर नको, सुरू नको, फक्त देशी झाडे हवीत, हा आग्रहही माझाच. करंज, जांभूळ, कडुनिंब, वड अशी रोपे आम्ही मोठ्या अभिमानाने त्या जमिनीत रोवली.

रस्त्याच्या कडेला चिंबोऱ्यांची पाटी घेऊन एक वृद्ध मावशी उभ्या होत्या. बराच वेळ आमचा उद्योग पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मास्तर, हितं पानी येत नाय म्हनून सुकलंय. ती मोरी बुजवलीय, ती खोला ना आधी. झाडांचं मग बघू.” आम्ही हसलो. पाहुण्यांची गाडी येण्याची वेळ झाली होती.

पुढच्या मे महिन्यात तिथे गेलो तेव्हा बहुतेक रोपांच्या काड्या उरल्या होत्या. करंजाची तीन-चार रोपे तेवढी तगली होती आणि तीही रस्त्याच्या भरावावर. म्हणजे जी जगली ती पाणथळीत नव्हतीच. पाणथळ बुजवणाऱ्या राडारोड्यावर होती. आमच्या पुनरुज्जीवनाने पाणथळीला काही दिले नव्हते. तिच्या मारेकऱ्याच्या अंगावर मात्र हिरवी शाल घातली होती.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या मावशींच्या वाक्यावर उशिराने केलेले भाष्य आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: पाणथळ लावता येत नाही. तिचे पाणी तिला परत द्यावे लागते. पाणी परत देण्याचा प्रश्न जमिनीचा, मालकीचा आणि सत्तेचा असतो. रोप लावण्याचा प्रश्न फक्त खड्ड्याचा असतो. आपण सुशिक्षित स्वयंसेवक मोठ्या हौसेने दुसरा प्रश्न सोडवतो, कारण पहिला आपल्याला विचारायचा नसतो.

१.

हा विषय साहित्याच्या व्यासपीठावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मला तर वाटते की सुरुवात आपल्याच अंगणातून व्हायला हवी, कारण पाणथळीवरचा पहिला भराव भाषेने टाकलेला आहे.

मराठीत चिखल हा बहुधा अपमानासाठीच वापरला जातो. राजकारणाची दलदल असते, निवडणुकीत चिखलफेक होते, धंदा गाळात जातो, विचार साचलेल्या डबक्यासारखे होतात. वाहते पाणी म्हणजे चैतन्य आणि थांबलेले पाणी म्हणजे कुजणे, ही विभागणी आपण समीक्षेतही इतक्या सहजपणे वापरतो की तिच्यामागचे अज्ञान दिसत नाही. चिखलात कमळ उगवते हे आपले आवडते रूपक. त्यात सगळे श्रेय कमळाचे. चिखलातून वर आले म्हणून त्याचे कौतुक. कमळाला चिखलाने पोसले, ही साधी गोष्ट त्या रूपकाच्या बाहेरच राहते. थांबलेले पाणी गाळ खाली बसू देते, भूजलात मुरते, पुराचा जोर झेलते, माशांच्या पिलांना आसरा देते. थांबणे हेच पाणथळीचे काम आहे. आपण मात्र थांबण्याला दोष ठरवून बसलो आहोत.

महसूल खात्याची भाषा साहित्याच्या भाषेपेक्षा वेगळी नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनी ‘पोटखराबा’ म्हणून नोंदल्या जातात. जी जमीन कागदावरच खराब आहे ती बुजवली तर कोणाचे काय बिघडले? उलट सुधारणाच झाली! इंग्रजांच्या काळापासून खाडीकाठ भरून काढण्याला सुधारणेचेच नाव आहे.

खरे तर आपल्याच भाषेत याच्या उलट साक्ष देणारे शब्द आहेत. खाजण, खलाटी, खारपाट, आगर, मिठागर, बांध, उघाडी. उघाडी म्हणजे खारबंधाऱ्यातले दार. भरतीचे खारे पाणी ते अडवते आणि ओहोटीला पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडते. या एका शब्दात समुद्राशी भांडण आणि तडजोड दोन्ही सामावलेले आहे. एम. ए.च्या वर्गात एकदा मी हे शब्द फळ्यावर लिहिले. खाडीकाठच्या गावांतून आलेल्या दोन मुलींना बहुतेक शब्द माहीत होते, पण हात वर करायला त्या लाजत होत्या. हे शब्द परीक्षेत यायच्या लायकीचे नाहीत असे त्यांना वाटत होते, आणि असे वाटायला आम्हीच त्यांना शिकवले होते.

गंमत अशी की मराठी गद्याच्या इतिहासातले एक जुने प्रकरण याच चिखलात रुतलेले आहे. वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ ज्या महिकावतीची आहे, ती म्हणजे पालघरजवळचे केळवे-माहीम. बखरीचा काळ, तिची भाषा, तिच्यातील वंशावळी यांच्यावर आपण प्रश्नपत्रिका काढतो. ती ज्या खाडीकाठी आणि बागायतीत घडली त्या भूमीचे आज काय झाले, हे मात्र कुठल्याही टिपणात नसते. मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ ही कादंबरी मुंबईच्या माहीमची. तिच्या नावात खाडी आहे खरी, पण तिचा विषय खाडीच्या काठावर फेकली गेलेली माणसे हा आहे. तोही मोठाच विषय. तरी मराठी साहित्यात पाणथळीला तिच्या स्वतःच्या हक्काने क्वचितच जागा मिळाली. मारुती चितमपल्लींसारख्या एखाद्याने नवेगावबांधच्या तळ्याकाठी वर्षे घालवून तळ्याला, पाखरांना आणि स्थानिक ढीवरांच्या ज्ञानाला शब्द दिले. त्यांना आपण ‘ललित’ या खणात ठेवून दिले आणि मोकळे झालो.

२.

आता ‘देशी’ या शब्दाकडे येऊ. आपल्या विद्याशाखेत हा शब्द उच्चारला की नेमाड्यांचा देशीवाद आठवतोच, आणि त्यावरचे जुने वादही. त्या वादात न शिरता एवढे म्हणता येईल की देशीपणा हा वस्तूच्या अंगचा सुटा गुण नसतो, तो वस्तूचे आणि स्थळाचे नाते सांगतो. देशीवादाच्या समर्थकाला आणि विरोधकालाही हे मान्य व्हावे. वृक्षारोपणाच्या चळवळीने मात्र ‘देशी’ची एक यादी करून टाकली आहे. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, जांभूळ, अर्जुन. या यादीतले झाड कुठेही लावले तरी पुण्यच.

खाजणात कडुनिंब देशी नाही. खाऱ्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात, दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीखाली तो तितकाच परका आहे, जितका गुलमोहर. तिथे देशी कोण? चिखलातून श्वसनमुळांचे खुंट वर काढणारी तिवरे, झाडावरच बी रुजवून लांब शेंगेसारखे रोप खाली सोडणारा कांदळ, पाण्याच्या बाजूला उभी राहणारी चिपी, काटेरी पानांची मारांडी. पांढऱ्या चिपीला २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. शासनाचा हा निर्णय चांगलाच, पण आमच्या दोनशे विद्यार्थ्यांपैकी चिपी ओळखणारा एकही नव्हता, आणि मीही नव्हतो. कांदळवनाच्या मागे, जिथे फक्त उधाणाचे पाणी पोचते, तिथे मोरस उगवते. तिची भाजी खाडीकाठच्या घरांत अजून होते. आणि गोड्या पाण्याच्या तळ्यांकाठी लव्हाळे, पाणकणीस, केवडा. लव्हाळ्याची थोरवी तुकोबांना ठाऊक होती. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला ती ठाऊक नाही, कारण लव्हाळ्याजवळ उभे राहून फोटो चांगला येत नाही.

याहून अवघड गोष्ट अशी की काही पाणथळींचे देशीपण झाड नसण्यातच असते. ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा आपल्याला रिकामा दिसतो. प्रत्यक्षात त्यात किडे, गोगलगायी, खेकडे, निवट्या यांची दाट वस्ती असते. थंडीत उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून येणारे तुतवार आणि कोरल त्याच्यावर जगतात. खाडीकाठच्या बायका कालवे आणि शिंपल्या त्यातूनच वेचतात. अशा पट्ट्यावर उत्साहाने तिवरेसुद्धा लावली तर आपण एक जितीजागती जागा बुजवून तिच्यावर दुसरी लादतो. झाड देशी, हेतू शुद्ध, परिणाम मात्र अतिक्रमणाचा.

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाट लागवडीची सध्या शहरोशहरी लाट आहे. इमारतींमधल्या निकामी तुकड्यावर तिचा उपयोग असेल, त्याबद्दल मला बोलायचे नाही. पण मूळची भूमी दलदल, गवताळ रान किंवा खाजण असेल तिथे ‘दाट जंगल’ उभारणे हे संवर्धन नव्हे, रूपांतर आहे. गझलेच्या जागी अभंग छापून ‘दोन्ही छंदोबद्धच आहेत’ असे म्हणणाऱ्या संपादकाला आपण काय म्हणू?

३.

हे सारे पुस्तकी आक्षेप आहेत असे वाटू नये, म्हणून अनुभवाचा पुरावा पाहू. फिलिपाईन्समध्ये दशकानुदशके कांदळवनांची प्रचंड लागवड झाली. तिचा आढावा घेणाऱ्या प्रिमावेरा आणि एस्तेबान या अभ्यासकांनी २००८ मध्ये दाखवून दिले की दीर्घकाळ जगणाऱ्या रोपांचे प्रमाण साधारण दहा ते वीस टक्केच आहे. कारण काय? कांदळ जिथे नैसर्गिकपणे वाढले असते ती जागा मत्स्यतळ्यांनी व्यापलेली होती आणि मत्स्यतळ्यांना मालक होते. म्हणून लागवड झाली ती बिनमालकीच्या, खोल, लाटांच्या माऱ्यातल्या चिखलावर. मावशींच्या वाक्याचा हा आंतरराष्ट्रीय अनुवाद समजायला हरकत नाही. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर झालेल्या लागवडीची कथाही अशीच आहे: पुढे तपासलेल्या २३ जागांपैकी ९ ठिकाणी एकही रोप जिवंत आढळले नाही. उलट अमेरिकेतील फ्लोरिडात रॉबिन लुईस या शास्त्रज्ञाने जमिनीची उंची आणि भरतीचे मार्ग पूर्ववत करण्यावर भर दिला. पाणी येऊ लागले, पाण्याबरोबर बिया आल्या आणि कांदळ आपसूक उगवला. लावावा लागला नाही.

इतके दूर तरी कशाला जायचे? आपल्या कोकणात खारबंदिस्ती फुटली आणि तिची दुरुस्ती वेळेवर झाली नाही, तर काही वर्षांत भातखाचरांत तिवरे उभी राहतात. शेतकरी त्याची तक्रार करतो, आणि त्याची तक्रार रास्तही असते, कारण त्याचे पीक गेलेले असते. पण या तक्रारीतच पुरावा आहे: भरती आली की तिवर येते. ना बॅनर लागतो, ना पाहुणा.

नवी मुंबईतील नेरुळच्या डीपीएस तळ्याची गोष्ट ताजी आहे. रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे सुमारे ३० हेक्टरचे तळे २०२४ च्या उन्हाळ्यात कोरडे पडले. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्या होत्या. पक्षी भरकटले, काही मेले. तिथल्या नागरिकांनी आणि पक्षिप्रेमींनी काय केले? तळ्याकाठी देशी झाडे लावली नाहीत. पाण्याच्या वाटा उघडा, एवढी एकच मागणी त्यांनी लावून धरली, तक्रारी केल्या, रस्त्यावर उभे राहिले. २०२५ मध्ये हे तळे संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. स्वयंसेवक म्हणजे काय याची व्याख्या मला या लोकांकडून शिकावीशी वाटते.

४.

आता आमच्या गावाकडे. तारापूर औद्योगिक वसाहत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुणांसह देशात पहिली आली. गुणवत्ता यादीत आमचे नाव एवढ्या वर कधी लागले नव्हते. वसाहतीतल्या सांडपाण्याने नवापूर, मुरबे आणि परिसरातील खाड्यांची व किनाऱ्याची जी दशा केली, तिच्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने जानेवारी २०२२ मध्ये निकाल देताना शंभरावर उद्योगांना पर्यावरणीय भरपाईसाठी जबाबदार धरले. भरपाईच्या रकमेविषयीचे न्यायालयीन वाद हा वेगळा विषय आहे. मुद्दा असा की मासेमारांच्या एका समाजसंघटनेने वर्षानुवर्षे तारखा घेत, नमुने, अहवाल आणि कागद गोळा करत हे काम केले. ‘पर्यावरण संवर्धन’ या नावाखाली त्याची नोंद आमच्या कुठल्याही महाविद्यालयीन अहवालात नाही. आमच्या अहवालात रोपांची संख्या असते.

ही संख्या हवी असणारे आणखीही लोक आहेत. कांदळवन तोडायचे असेल तर बदल्यात किती रोपे लावणार, एवढाच प्रश्न आता उरला आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील सुमारे २० हजार कांदळवृक्ष तोडण्यास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. एका झाडाच्या बदल्यात पाच लावण्याचे आश्वासन आधीपासूनच होते. डहाणूजवळच्या वाढवण येथे बंदर नको, असे डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये म्हटले होते. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये अटी घालून होकार दिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी झाली. विकासाचा पक्ष घेणाऱ्यांशी इथे मी वाद घालत नाही. रेल्वे हवी की नको, बंदर हवे की नको, यावर मतभेद असू शकतात. पण ‘एकाला पाच’ हे गणित मान्य केले की मतभेदाला जागाच राहत नाही, कारण मग कुठलेही नुकसान नुकसान ठरत नाही, उलट प्रत्येक तोडीत चौपट नफा होतो!

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे गणित खोटे आहे हे लगेच कळायला हवे. एखादी कविता गहाळ झाली आणि तिच्या बदल्यात तितक्याच शब्दसंख्येच्या पाच कविता लिहून घेतल्या, तर भरपाई झाली असे आपण मानतो का? कविता शब्दांची बेरीज नसते आणि खाजण झाडांची. आमच्यासारख्या स्वयंसेवकांनी दरवर्षी केलेली लागवड या खोट्या गणिताला विश्वासार्हता पुरवते. ‘पुन्हा लावता येते’ हा समज आम्हीच शाळा-महाविद्यालयांतून पिढ्यानपिढ्या रुजवतो. रोपे जगत नाहीत. हा समज मात्र चांगला रुजतो.

शासनाने २०१६ मध्ये १ जुलैला २ कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला, २०१९ पर्यंत तो ३३ कोटींवर गेला. आकडा जितका मोठा तितकी जागा ‘रिकामी’ दिसू लागते. माळ रिकामा, गवत रिकामे, खाजण रिकामे. आणि जी जागा रिकामी दिसते तिच्यावर उद्या गोदामही उभे राहू शकते.

५.

आता आक्षेप. पहिला: काहीच न करण्यापेक्षा काहीतरी केलेले बरे. हे नेहमी खरे नसते. चुकीचे औषध काहीच न देण्यापेक्षा बरे असते असे कोणी म्हणत नाही. शिवाय चुकीच्या कामाने मन भरते, आणि मन भरले की माणूस घरी जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तरुण मुले मातीत हात घालतात, त्यांच्यात संवेदना जागते, तिच्यावर पाणी ओतू नका. माझे म्हणणे उलटे आहे. मुलांचा हात मातीपर्यंत पोचतो, हे खरेच मोलाचे आहे. पण तिथवर आणून आपण त्यांना अर्धसत्य शिकवतो. ज्या मुलीची आई याच खाडीत कालवे वेचते, तिच्या हाती कडुनिंबाचे रोप देऊन आपण तिला काय सांगतो? तुझ्या आईला माहीत आहे ते ज्ञान नव्हे, हे ज्ञान. याला संवेदना जागवणे म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप: मोरी उघडणे हे आमचे काम नाही, ते शासनाचे. बरोबर आहे. म्हणूनच शासनाला विचारणे हे आमचे काम आहे. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईचा लढा उभारला. नावात ‘हरित’ असले तरी तो झाडे लावण्याचा कार्यक्रम नव्हता. जमीन कोणाच्या घशात जाणार आणि पाणी कोणाला मिळणार, हा त्याचा विषय होता. दिब्रिटो पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या धर्माची चर्चा पुष्कळ झाली, या लढ्याची त्या मानाने कमी. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्यात बुडाले आणि मिठागरांत शेकडो माणसे अडकली, तेव्हा तीस वर्षांपूर्वी विचारलेले प्रश्न घराघरात शिरले होते.

कायद्याची भाषा वाचणे हेही भाषेच्या प्राध्यापकाचेच काम आहे. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांत पाणथळीची व्याख्या मोठी ऐसपैस आहे. पण तिच्या शेपटीला अपवाद जोडले आहेत: नदीपात्रे, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली तळी, मत्स्यशेती, मीठ उत्पादन, करमणूक व सिंचन यांसाठी केलेली बांधकामे. हे अपवाद घेऊन पालघरच्या खलाटीत उभे राहा आणि पाहा काय उरते! आमच्या पाणथळी माणसाने शतकानुशतके कसल्या, बांधल्या, मिठागरे केली, तळी खोदली. माणूस आणि पाणी यांचे एकत्र नांदणे हेच त्यांचे वैशिष्ट्य, आणि नेमके तेच त्यांना व्याख्येबाहेर काढते. कांदळवनांना किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेचे आणि उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाचे संरक्षण आहे. पण ज्या खाजणात पाणी अडवल्यामुळे कांदळ उरलाच नाही, त्याचे काय? आधी पाणी तोडायचे, झाड मरू द्यायचे, मग ‘इथे झाड नाही’ असा पंचनामा करायचा. शब्दांच्या अपवादातून जमीन कशी नाहीशी होते, याचा याहून चांगला पाठ आमच्या अभ्यासक्रमात नाही.

६.

मग लागवड करूच नये का? करावी, पण शेवटी. आधी त्या जागेचा सातबारा काढावा. वर्षभर तिथे जावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर येते आणि कुठे अडते ते पाहावे. जुन्या मंडळींना विचारावे की इथे काय मिळायचे: निवट्या, बोय, कोलंबी, जिताडा. मोरी बुजली असेल तर अर्ज करावा, पोच घ्यावी, पुन्हा अर्ज करावा. भराव पडत असेल तर तारखेसह छायाचित्र काढावे. फोटोची हौस तिथे भागवावी. सांडपाणी येत असेल तर रोप लावण्याचा विचारही मनातून काढून टाकावा. पाणी परतले की दोन-तीन पावसाळे थांबावे. आपोआप काय उगवते ते मोजावे. आणि जे परत आले नाही तेवढेच, जवळच्याच खाडीतले बी आणून, ज्यांचा त्या जागेवर पोटाचा हक्क आहे त्यांच्या संमतीने लावावे. या क्रमात दहा वर्षे जातील. नॅकच्या आवर्तनात ती बसणार नाहीत. त्याला माझा इलाज नाही.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत २०१७ पासून स्वामिनी गटाच्या स्त्रिया होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. त्या दाखवतात ते उभे असलेले वन. ते कसे जगते आणि त्यात कोण राहते, हे सांगतात. राखण्याचे काम लावण्याइतके दिसत नाही, म्हणून ते कमी ठरत नाही. संपादकाचे, पाठचिकित्सकाचे, कोशकाराचे काम असेच असते. आपल्याच विद्याशाखेने ही प्रतिष्ठा ओळखायला नको का?

गेल्या जुलैत विभागाच्या बैठकीत मी सांगितले की यंदा रोपे नकोत. विद्यार्थ्यांना घेऊन पौर्णिमेच्या भरतीला त्या खाजणावर जाऊ या. प्रस्ताव फारसा आवडला नाही. अहवालात काय लिहायचे, असे एका सहकाऱ्याने विचारले. तरी बावीस विद्यार्थी आले. खाडीच्या बाजूने पाणी चढत रस्त्याच्या भरावापर्यंत आले, बुजलेल्या मोरीपाशी थांबले, थोडा वेळ तिथेच हेलकावत राहिले आणि परत गेले. पलीकडचा चिखल कोरडाच राहिला. मुलांनी खुणा केल्या, वेळा टिपल्या, मोरीचे मोजमाप घेतले. मावशींच्या गावातल्या एका मुलीने आजीला विचारून एकोणतीस शब्द लिहून आणले. त्यांतले अकरा मला ठाऊक नव्हते. मोरीच्या अर्जाची पोच माझ्या टेबलाच्या खणात आहे. दुसऱ्या अर्जाचा मसुदा द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी केला आहे; त्यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पण मागणी अचूक आहे.

यंदाही बॅनर छापलेला नाही.